हमीदाचाचीचा डावा हात

बांगड्या भरायला बसलं की बायका हात ताठ करतात. दुखेल म्हणून बोटं आवळून घेतात आणि मग खरंच दुखतं. हमीदाचाची अशा हाताला आधी हातच लावायची नाही. मांडी घालून बसायची, बांगड्यांची पेटी उजव्या अंगाला, मांडीवर पंचा, आणि म्हणायची, "हात सैल सोड गं. तुझा न्हाई, माझा हाय समज."

मग त्या बाईच्या घरच्या गोष्टी काढायची. पोराचे दात आले का, दीर अजून तुमच्यातच जेवतो का. बाई उत्तर द्यायच्या नादात असताना चाचीचा डावा हात तिच्या हाताखाली गेलेला असायचा, अंगठ्याच्या बुडाशी एक दाब, आणि उजव्या हातातली बांगडी मनगटात. बाईचं वाक्य अजून पुरं झालेलं नसायचं.

आम्ही बीडकडचे. हे चाकणला कंपनीत लागले तेव्हा तळवड्यात पत्र्याच्या खोल्यांच्या गल्लीत राहायला आलो. मी कुणाशी बोलायची नाही. नळावर माझा नंबर आला तरी दुसरीनं हंडा लावला तर गप्प उभी राहायची. गल्लीच्या टोकाला चाचीची खोली होती. ती मूळची तळेगाव दाभाड्याची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रफिक पिंपळे गुरवला गॅरेजमध्ये मेकॅनिक. एक दिवस नळावर ती माझ्यामागून ओरडली, "ए, त्या बाईचा हंडा काढ पलीकडं, हिचा नंबर हाय. हिला तोंड न्हाई म्हणून पाणीबी न्हाई व्हय?" त्यानंतर मी तिच्याकडं जाऊन बसायला लागले. तिला बोलायला लागायचं आणि मला ऐकायला. आमचं जमलं.

चाचीचं बोलणं मोठं गमतीचं होतं. बांगडी फुटली असं ती कधी म्हणायची नाही, वाढली म्हणायची. ते तर आम्ही सगळ्याच म्हणतो. पण ती चहाचा कप फुटला तरी वाढला म्हणायची. रफिकच्या गाडीचा आरसा फुटला तेव्हाही म्हणाली, "आरसा वाढला त्याचा." भांडी घासून हात राठ झालेली कुणी आली की म्हणायची, "हात हाय का पोळपाट? नवऱ्याला सांग, आठवडाभर तू घास, मग बांगड्या भरते." आणि सगळ्या भरून झाल्या की एक जास्तीची चढवायची. "ही माझी," म्हणायची. तिचे पैसे घ्यायची नाही.

रविवारी ती पेटी घेऊन टमटमनं महाळुंगे, चाकणकडं जायची. तिकडं कंपन्यांत कामाला आलेल्या मुली पाच-सहा जणी मिळून एका खोलीत राहतात. लाइनवर बांगडी चालत नाही. रविवारी भरायच्या आणि सोमवारी शिफ्टला जाताना उतरवून ठेवायच्या. चाची त्यांना थोड्या सैल मापाच्या द्यायची, निघायला सोप्या.

तिची एक खोड मात्र मला फार दिवस कळली नाही. ती कुणाकडून हातात काही घ्यायची नाही. बांगड्यांचे पैसे दिले तर पेटीच्या झाकणाकडं बोट दाखवायची, "तिथं ठेव." मी चहा दिला तर म्हणायची, "खाली ठेव, घेते मी." संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले, तेव्हाही तिनं वाटी पुढं केली. मला वाटलं, आपलं तिला चालत नसेल. एकदा मी तसं कसंबसं विचारलं, तेव्हा ती हसली आणि बांगड्या निवडता निवडता सांगितलं.

ती लहान असताना तिचे वडील गेले. रमजानात तळेगावातल्या एका मोठ्या कापडवाल्याच्या दारात गरिबांना कापड वाटायचे. आईनं तिला रांगेत उभं केलं. त्या दिवशी कापड वाटायला त्या घरची मुलगी बसली होती, चाचीच्या वर्गातली. तिनं कापड चाचीच्या हातावर ठेवलं आणि ओळखून हसली. दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं आपली पाटी चाचीपुढं धरली. "काल घेतलंस ना आमच्याकडून? मग पूस."

"पुसली?" मी विचारलं.

"पुसली की. घेतलं हुतं ना." चाचीनं हिरव्या बांगड्या दोऱ्यात ओवल्या. "मग शाळंतच गेले न्हाई. चौथी हुती."

मीही चौथीच शिकलेली. पण माझी शाळा घरच्यांनी सोडवली होती, तिनं आपणहून सोडली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, रविवारीच, चाकणच्या रस्त्यावर टमटममधून उतरताना तिचा पाय घसरला. उजव्या हाताखाली पेटी होती. पेटी सोडली असती तर दोन्ही हात टेकले असते. तिनं पेटी छातीशी धरली आणि सगळा भार डाव्या हातावर घेतला, तोही वाकडा. बातमी कळल्यावर मी पिंपरीच्या दवाखान्यात गेले तेव्हा मनगट काट्या-चमच्यातल्या काट्यासारखं वाकलेलं होतं आणि ती रफिकला विचारत होती, "किती वाढल्या?"

"एकही नाही, अम्मी. एक भी नहीं."

"मग ठीक हाय," म्हणाली आणि डोळे मिटले.

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं स्वतःचा हात पुढं करून समजावलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूचं मोडलंय, त्याला पट्टी आणि स्क्रू लावू. करंगळीच्या बाजूचं धड आहे, पण मनगटापाशी त्या दोघांना जोडणारा सांधा उसवलाय. हात वळतो तो त्या सांध्यावर. त्यानं आपला तळवा खाली केला, वर केला, खाली केला. "हाड आम्ही बसवू. सांधा मात्र शांत राहून भरून यावा लागतो. त्याला दीड महिना हलू द्यायचं नाही."

तपासताना चाचीनं हात असा काही आवळला होता की डॉक्टर दोनदा म्हणाले, "मावशी, सैल सोडा." ती सोडेना. शेवटी मी तिच्या कानाशी म्हणाले, "चाची, तुमचा नाही, डॉक्टरांचा आहे समजा." तिनं माझ्याकडं रागानं बघितलं, पण हात सुटला.

ऑपरेशननंतर प्लास्टर घातलं ते दंडापर्यंत. कोपर काटकोनात आणि तळवा वर. आभाळाकडं उघडा, पोटापुढं धरलेला, बोटं थोडी वाकलेली. मी खोलीत शिरले आणि पहिल्यांदा माझ्या मनात जे आलं ते तिच्याही मनात आलेलं होतं, कारण तिनं लगेच ओढणी त्याच्यावर टाकली.

"असंच ठेवायचं?" तिनं नर्सला विचारलं.

"असंच, मावशी. हे काढायचं नाही, भिजवायचं नाही."

"उलटा न्हाई का करता येत?"

नर्सला वाटलं ती चेष्टा करतेय. ती हसून निघून गेली.

तपासणीला रफिकला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी तिच्याबरोबर गेले. येताना निगडीच्या थांब्यावर बसची वाट बघत बसलो होतो. ऊन होतं, वारा होता. ओढणी सारखी सरकत होती आणि चाची उजव्या हातानं ती सारखी वर घेत होती. मग थकून तिनं डोळे मिटले आणि ओढणी घसरली. कंपनीचा शर्ट घातलेला एक मुलगा समोरून चालला होता, शिफ्ट सुटून आलेला. तो थांबला, खिशात हात घातला आणि हळूच, चाचीला जाग येऊ नये असा, तिच्या तळव्यावर एक नाणं ठेवून गेला. जाताना त्यानं नमस्कारासारखा कपाळाला हात लावला. चांगल्या घरचा मुलगा असणार.

चाची झोपली नव्हती. तिनं डोळे उघडले आणि तळव्याकडं बघत राहिली. बोटं सुजलेली, मिटत नव्हती. हात वळत नव्हता. नाणं खाली पाडायचं म्हटलं तरी तिला ते पाडता येत नव्हतं. उजव्या हातानं उचललं असतं तर ते घेतल्यासारखं झालं असतं. ते तिथं तसंच बसून राहिलं. थांब्यावरच्या दोन-तीन माणसांनी बघितलं. तिची मान, कान, सगळं लाल झालं.

"काढ ते," ती मला म्हणाली.

मी काढलं. कुठं ठेवावं ते कळेना. बाकड्याच्या कडेला ठेवलं. बस आल्यावर आम्ही चढलो.  खोलीत गेल्यावर म्हणाली, "रफिकला सांगू नको."

मी कुणालाच सांगितलं नाही. आता लिहितेय तेही कुणाला वाचून दाखवणार नाही.

त्या दिवसापासून चाची बाहेर दिसेना. नळावर रफिक पाणी भरायचा. दारात कुणी आलं की ती आधी ओढणी शोधायची. ओढणीखाली तो हात असा पुढं यायचा की झाकल्यानं जास्तच दिसायचा. शेजारणी चांगल्या मनानं जेवण घेऊन यायच्या. कुणी भाकरी, कुणी कोरड्यास. ती म्हणायची, "तिथं ठेवा." त्या ठेवायच्या, पण नजर हाताकडं जायची. मग गल्लीनं तिकडं बघायचंच सोडून दिलं. तिच्याशी बोलताना सगळ्या भिंतीकडं, कॅलेंडरकडं बघायच्या. मीसुद्धा. तिला ते कळत होतं.

नंतर एक दिवस सकाळी गेले तर चाची दारात बसलेली, केस विंचरलेले, ओढणी डोक्यावर, आणि डावा हात मांडीवर पालथा. मनगटावर प्लास्टर होतं, कोपराशी संपत होतं. कोपऱ्यात ओल्या फडक्यात पांढरे तुकडे, बाजूला कात्री आणि बांगड्या घासायची तिची कानस.

"मोडलं मनगट," ती म्हणाली. "कोपराला काय झालंय? उगं जड करून ठेवलं हुतं. मनगटाचं तसंच ठेवलंय, बघ. हात न्हाई लावला त्याला."

मलाही ते पटलं. जिथं दुखणं तिथं प्लास्टर, वरचं कशाला? तिनं हात वळवून पालथा धरला होता आणि कितीतरी दिवसांनी ती माझ्या तोंडाकडं बघून बोलत होती. मला बरं वाटलं. चहा केला. तिनं म्हटलं, "ठेव खाली," आणि आम्ही दोघी हसलो.

दीड महिना भरल्यावर रफिक, ती आणि मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी अर्धं प्लास्टर बघितलं आणि ते कापून काढलं. फोटो काढला. फोटोत हाड छान जुळलेलं होतं, पट्टी जागेवर होती. मग म्हणाले, "मावशी, तळवा वर करा."

चाचीनं जोर लावला. खांदा वळला, कोपर अंगापासून सुटलं, सगळं अंग तिरकं झालं. तळवा वळला नाही. करंगळीच्या बाजूला मनगटावर एक हाड सुपारीसारखं वर आलेलं होतं. डॉक्टरांनी ते दाबलं की खाली जायचं, सोडलं की वर.

तेव्हा त्यांनी सांगितलं. कोपर मोकळं झालं की खालचा हात वळतो. मनगटाचं प्लास्टर कितीही घट्ट असलं तरी वळतो. तळवा वर असला की तो सांधा जागेवर बसतो, पालथा केला की निसटतो. म्हणून दंडापर्यंत होतं. निसटलेला सांधा तसाच आखडून गेलाय.

"का काढलंत?" त्यांनी विचारलं. रागानं नाही.

चाची खाली बघत म्हणाली, "खाज यायची फार."

"खाजेसाठी हात घालवलात, मावशी?"

तिनं मान हलवली. रफिक चिडला. "अम्मी, छोटी बच्ची है क्या तू? मला सांगायचं ना!"  अडाणी म्हणवून घेणं तिला चाललं. खरं कारण चाललं नाही.

डॉक्टर म्हणाले, उपाय आहे. त्याच हातातली एक दोरीसारखी शीर असते, तिच्यावाचून काही अडत नाही. ती घेऊन सांधा बांधायचा. "पण नंतर पुन्हा तसंच प्लास्टर. दंडापर्यंत. तळवा वर."

"नको," चाची म्हणाली. रस्त्यात मला म्हणाली, "बरंच झालं की. आता हा हात कुणापुढं पसरणारच न्हाई." हसली, पण मी हसले नाही.

धंदा थांबला होताच. हात बरा झाल्यावर बघू, असं ती सगळ्यांना म्हणायची. आणि उन्हाळ्यात माझ्या लेकीचं, मनीषाचं लग्न ठरलं. मनीषाच्या पहिल्या बांगड्या चाचीनं भरल्या होत्या. लग्नाचा चुडाही मीच भरणार, असं ती मनीषा शाळेत होती तेव्हापासून सांगत आलेली. मी बोलवायला गेले तेव्हा ती क्षणभर हाताकडं बघून म्हणाली, "येते. चार दिस हाताला शेक देते. येते."

चुड्याच्या दिवशी घर भरलेलं होतं. चाची पेटी घेऊन आली, नेहमीसारखी मांडी घालून बसली, मांडीवर पंचा. "हात सैल सोड, बेटा. तुझा न्हाई, माझा हाय समज."

मनीषानं हात पुढं केला. चाचीचा डावा हात पुढं आला, पालथा. तिनं खांदा वळवला, कोपर उचललं. हात वळेना. वरूनच मनीषाचा पंजा धरला, पण दाब बसला नाही. उजव्या हातातली हिरवी बांगडी अंगठ्याच्या बुडाच्या गाठीवर अडली, चाचीनं थोडा जोर केला आणि मनीषाचा हात तिच्या पकडीतून घसरला. बांगडी वाढली. काच लागून मनीषाच्या हातावर रक्ताचा एक थेंब आला.

 माझी नणंद म्हणाली, "मोडक्या हाताच्या बाईला चुड्याला बोलवायचं कशाला? बाजारात कासार मेले होते का?"

चाची काचा गोळा करायला लागली. एकेक तुकडा, पंच्यात. मान खाली. थांब्यावर लाल झाली होती तशीच कानापर्यंत लाल. पेटीचं झाकण लावायला तिनं हात नेला तेव्हा मनीषा म्हणाली, "चाची, मी दुसऱ्या कुणाकडून भरणार नाही. मी बसलेय."

चाचीनं झाकणावरचा हात काढला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "सुमन, इकडं बस. माझ्या डाव्या अंगाला. हात दे तुझा."

मी सगळ्यांसमोर कधी काही केलेलं नाही. पण बसले. तिनं उजव्या हातानं माझा हात धरला, उलटा केला आणि मनीषाच्या हाताखाली सरकवला. "असा. तळवा वर. आता अंगठ्याच्या बुडाशी दाब. न्हाई, हळू. हां." माझ्या तळव्यावर माझ्या लेकीचा हात होता आणि चाचीच्या उजव्या हातातून बांगड्या एकेक करून सरकत होत्या. एकही वाढली नाही. शेवटी तिनं जास्तीची चढवली. "ही माझी."

दुसरा हात भरून झाला तरी तिनं माझा हात सोडला नाही. माझ्या उघड्या तळव्याकडं बघत राहिली, जणू तो कुणा ओळखीच्या माणसाचा आहे.

"सुमन," ती हळू म्हणाली, "मीबी असाच धरत हुते का गं?"

"असाच, चाची."

"रोज?"

"मी बघितलंय तेव्हापासून तर रोज."

तिनं पेटी उचलली आणि जेवायला न थांबता निघून गेली.

लग्न उरकल्यावर ती रफिकला आणि मला घेऊन त्याच डॉक्टरांकडं गेली. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "मागं खोटं बोलले मी. खाज न्हवती." आणि थांब्यावरची गोष्ट सांगितली. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की डॉक्टरांना पुढं वाकावं लागलं. रफिक दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि तो बाहेर निघून गेला. डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच बोलला असता तर काहीतरी केलं असतं, मावशी." चाची म्हणाली, "तवा बोलता आलं असतं तर काढलंच नसतं." मग म्हणाली, "सांधा बांधायचा म्हणालेलात ना, बांधा आता."

ऑपरेशन झाल्यावर रफिकनं तिला तळेगावला तिच्या बहिणीकडं ठेवलं. इथं दिवसभर एकटी राहिली असती. त्यानंतर ती तिकडंच राहिली. पुढं रफिककडून कळत गेलं की प्लास्टर निघालं, व्यायाम चालू आहे, हात वळतो पण पुरता नाही, तो मागं लागतो तेव्हाच व्यायाम करते. आमच्या गल्लीतली तिची खोली आता दुसऱ्या कुणी घेतलीय.

मी तिला शेवटचं बघितलं ते त्या दुसऱ्या प्लास्टरच्या दिवसांत. मनीषाला सासरी सोडून येत होते. बस तळेगाव स्टेशनजवळ गर्दीत अडकली होती. खिडकीतून बघते तर एका दुकानाच्या पायरीवर चाची बसलेली, उजव्या बाजूला पेटी. दंडापर्यंत पांढरं प्लास्टर, हात पुढं, तळवा वर. ओढणी डोक्यावर होती, हातावर नव्हती.

मी नजर फिरवली. गल्लीत सवयच लागली होती तशी. मग वाटलं, तिला कळणार तर नाही, आणि पुन्हा बघितलं.

कंपनीच्या शर्टातली एक मुलगी तिच्यासमोर उकिडवी बसली होती. मुलीनं आपला हात चाचीच्या त्या उघड्या तळव्यावर ठेवलेला होता. प्लास्टरमधून बाहेर आलेली चार बोटं तिच्या हाताला खालून टेकली होती, आणि चाची दुसऱ्या हातानं बांगडी चढवत काहीतरी बोलत होती. मुलगी हसत उत्तर देत होती. येणारीजाणारी माणसं बघत होती. चाचीचे कान लाल होते, ते मला बसमधूनही दिसलं. पण हात तिनं तिथंच ठेवला होता.

हाक मारावी असं फार वाटलं. मला काही ती मारता आली नाही. बस हलली तेव्हा मुलगी पर्समध्ये हात घालत होती आणि चाचीनं, सवयीनं, हनुवटीनंच पेटीचं झाकण दाखवलं.